वळणावरची वाफ

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरातल्या माझ्या खोलीची खिडकी मागच्या शेतांकडे उघडते. एरवी तिच्यातून हायवेचा आवाज येतो, कुणाच्या तरी गोठ्यातलं रेडिओवरचं गाणं येतं. परवा सकाळी खिडकी उघडली आणि वास आला. जवळपास कुठेतरी हळद शिजत होती. ज्यांना तो वास माहीत नाही त्यांना तो कसा सांगावा ते मला कळत नाही. ओल्या मातीसारखा, कच्च्या मुळासारखा, थोडा औषधासारखा, आणि गरम. माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, किती छान वास आहे. मी खिडकी लावून घेतली.

मला त्या वासाची भीती वाटते. आधी हात खिडकीकडे जातो, मग लक्षात येतं की वास कशाचा आहे. भीतीला नाक असावं आणि मला नंतर कळवलं जावं, असं काहीसं.

आमच्याकडे हळदीचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम बरोबरच येतात. थंडी सरते, हळदीचा पाला वाळतो, कुदळी निघतात आणि त्याच सुमारास कॉलेजच्या फळ्यावर वेळापत्रक लागतं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे परीक्षेची भीती कशी बाळगायची हे शिकवणारं घरी कुणी नव्हतं, आणि हळदीची भीती कशी लपवायची हे सगळ्यांनाच येत होतं. या वर्षी दोन्ही पुन्हा आले आहेत. मला मात्र दोन वर्षांपूर्वीचाच हंगाम आठवतो, सांगलीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाचा.

त्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले जात होते आणि मी हात वर करायला घाबरले. ठिबकचे पंप, उसाचं पाचट बारीक करायचं यंत्र, असे ओळखीचे विषय धीट मुलांनी भराभर घेतले. शेवटी जो उरला तो माझ्या आणि शबानाच्या वाट्याला आला. डोंगरातल्या अरुंद रुळांवर चालणारं, मधे सांधा असलेलं वाफेचं इंजिन. त्याचं चालतं मॉडेल. शबाना मिरजेची. तिच्या मामांचा लेथचा कारखाना आहे. ती म्हणाली, घाबरू नको, लोखंड मी बघते, तू तोंडी परीक्षा बघ. मला त्यातलं नेमकं तोंडीच जमत नव्हतं.

मिरजेहून पूर्वी छोटी लाईन जायची, हे शबानाच्या अम्मीने सांगितलं. त्या लहानशा गाडीत बसून ती माहेरी जायची. पण ती गाडी सपाटीवरची. तिला वाकावं लागत नसे. आमचं इंजिन ज्या डोंगरांसाठी होतं तिथे गोष्ट वेगळी होती. चढ चढायला ताकद लागते, म्हणजे इंजिन लांब आणि जड हवं. आणि वळणं इतकी आवळ की लांब इंजिन त्यात अडकून रूळ सोडणार. म्हणून त्याची चाकं बॉयलरखालच्या दोन छोट्या गाड्यांत वाटून दिलेली असतात. मागची गाडी बॉयलरला पक्की जखडलेली. पुढची एका खिळीवर मोकळी, बॉयलरच्या पोटाखाली डावीउजवीकडे सरकणारी. वळण आलं की पुढची चाकं आधी वळतात आणि मागची त्यांच्या मागून येतात. बॉयलर मात्र वळत नाही. तो सरळच राहतो. त्यामुळे ऐन वळणावर त्याचं नाक रुळांच्या बाहेर जातं.

प्रोजेक्टच्या सरांनी आम्हाला एक जुना फोटो दाखवला होता. कड्याला चिकटलेले रूळ, खाली काही दिसत नाही इतकी दरी, आणि दरीवर झुकलेलं ते काळं नाक. चाकं रुळांवर होती हे मला माहीत होतं. मी ते काढूनही दाखवू शकले असते. तरी फोटो पाहताना मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली होती. मागे केबिनमध्ये उभ्या असलेल्या माणसाला रोज काय दिसत असेल? समोर आपलंच इंजिन हवेत गेलेलं. आणि विश्वास कशावर ठेवायचा, तर न दिसणाऱ्या चाकांवर.

सर फार बोलत नसत, पण त्या दिवशी वाफेबद्दल बोलले. ताजी वाफ आधी मागच्या सिलिंडरांत जाते. तिथे काम करून ती दमली की तीच वाफ एका वाकणाऱ्या नळीतून पुढच्या, जरा मोठ्या सिलिंडरांत. दमलेल्या वाफेचा जोर कमी असतो, म्हणून तिला हलत्या सांध्यातून नेता येतं. शबानाने लिहून घेतलं. मी वहीत काहीच लिहिलं नाही. मला आण्णा आठवत होते.

आण्णा, म्हणजे माझे वडील, हळद शिजवायचा कुकर चालवतात. हा कुकर स्वयंपाकघरातला नव्हे. ट्रॅक्टरच्या मागे ओढून न्यायचं ते धूड असतं. मधे पाण्याची लोखंडी टाकी, तिच्या खाली भट्टी, आणि बाजूंना मोठे ड्रम. खणलेली हळद ड्रममध्ये भरायची, भट्टी पेटवायची, पाण्याची वाफ झाली की नळीने ती एका ड्रममध्ये सोडायची, तो शिजला की कॉक फिरवून दुसऱ्यात. हंगामभर आण्णा या शिवारातून त्या शिवारात जातात. पहिल्या दिवशी टाकीला हळदकुंकू लावून नारळ फोडतात. हळदीच्या यंत्राला हळद लावताना लहानपणी मला हसू यायचं.

टाकीवर एक दांडा असतो, दांड्याच्या टोकाला वजन. आत वाफ जास्त झाली की ती दांडा उचलते आणि फस्स करून बाहेर पडते. लहानपणी आईबरोबर शेतावर गेले की मी त्या आवाजाकडे कान लावून बसायची. फस्स झालं की बरं वाटायचं. पण काही दिवस तो आवाज यायचाच नाही. मग मला जेवण जायचं नाही. आवाजाला घाबरणारी मुलं असतात. मी आवाज थांबला की घाबरायची.

तो का थांबायचा हे सगळ्यांना माहीत होतं. घाई असली की कुकरवाले दांड्याला आणखी एक वजन तारेने अडकवायचे, म्हणजे वाफ वाया जात नाही आणि ड्रम लवकर शिजतो. आण्णांचं वजन म्हणजे कुळवाची झिजलेली फास, जमिनीत घालायचं ते पातं. त्या वजनाला आमच्या भागात जावई म्हणत. एकदा डोक्यावर बसला की त्याला ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही, म्हणून जावई. कुकरवाले एकमेकांना भेटले की विचारायचे, काय रं, जावई हाय का घरी? बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची.

मग डिप्लोमाच्या त्या वर्षी प्रयोगशाळेत सरांनी अगदी तसाच दांडा टेबलावर ठेवला. तोच आकार, तेच टोकाचं वजन. सरांनी विचारलं, हा बांधून ठेवला तर काय होईल? मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडाने बॉम्बचा आवाज काढला. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की बॉयलर आधी कळवत नाही. जुन्या टाकीचा पत्रा शिवणीपाशी आतून झिजत जातो आणि एके दिवशी कापडासारखा फाटतो. आतलं सगळं पाणी एका क्षणात वाफ व्हायला बघतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. ते फळा पुसायला लागले.

मला आण्णांच्या टाकीची शिवण माहीत होती. तिच्यावर गंजाची एक तांबूस रेघ आहे. लहानपणी मी तिला टाकीचा भांग म्हणायची.

त्यानंतरचे आठवडे मला नीट आठवत नाहीत. शबानाबरोबर मॉडेल जुळवत होते, चाकांचे आस घासत होते, पण मन तिथे नसायचं. रोज ठरवायची की आज फोन करून आण्णांना सांगायचं. फोन लागायचा, आण्णा विचारायचे, जेवलीस का. मी म्हणायची, जेवले. काय सांगणार होते मी? ज्या टाकीवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण चाललं, तिच्यापाशी उभे राहू नका म्हणून? एकदा आईनेच फोन घेतला आणि विचारलं, "आवाज का गं असा येतोय तुझा? पेपर अवघड हायत का?" मी हो म्हणाले.

शेवटी आण्णांकडे जायचं कारण सापडलं ते मॉडेलमध्येच. कॉलेजात ते दाबलेल्या हवेवर चालवायचं ठरलं होतं आणि हवेवर ते चालतही होतं. पण शबानाची शंका होती की वळणाऱ्या नळीचा सांधा खऱ्या वाफेला टिकेल का. हवा थंड असते. वाफेने धातू फुगतो. मी म्हणाले, आमच्याकडे वाफ आहे. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, जपून, लांबून, कमी दाबावर. मी आण्णांना फोन केला तर ते इतके खूश झाले की मला रडू आलं. फोनवरच कुणाला तरी सांगत होते, लेक इंजान घिऊन येतीया.

रविवारी आम्ही दोघी मॉडेल पोत्यात गुंडाळून एसटीने गावी गेलो. कुकर त्या दिवशी बापूंच्या शेतात होता. बापू म्हणजे गावातले मोठे बागायतदार. हळद काढून झाली होती आणि तिचा ढीग उघड्यावर पडला होता. आणि आभाळ आलं होतं. वळवाचं, खालून काळं. आई आणि दुसऱ्या बायका ढिगाशी बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होत्या. मी बांधावर पाय ठेवला तेव्हा पहिली गोष्ट कळली ती म्हणजे कुकर गप्प आहे.

बापू ढिगाभोवती फेऱ्या घालत होते. आण्णांना त्यांनी विचारलं, जावयाला बसवलंय न्हवं? आण्णा म्हणाले, बसलाय की, मानपान घेतल्याबिगर उठतोय व्हय. बायका हसल्या. शबानाला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं तर ती हसली नाही. तिने दांड्याकडे पाहिलं, आणि मग माझा हात धरला. मामांच्या कारखान्यात वाढलेली मुलगी ती.

आम्ही कुकरापासून जमेल तेवढ्या लांब फळ्या मांडल्या आणि त्यांवर रूळ. एक सरळ भाग, मग आवळ वळण. ड्रमच्या बाजूच्या लहान कॉकला जाड रबरी नळी लावून तिचं दुसरं टोक काठीवर टांगत मॉडेलला जोडलं. आण्णांनी कॉक इतका हळू उघडला की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून हात काढत होते. मॉडेल थरथरलं, पाणी थुंकलं, आणि निघालं. सरळ भाग नीट गेला. वळणावर पुढची गाडी वळायला हवी होती. ती वळली नाही. एक चाक रुळावर चढलं, इंजिन कलंडलं आणि फळीवरून खाली पडलं. बायकांतून कुणीतरी अगं बाई म्हणालं.

शबानाने लगेच सांधा पाहिला. वाफ गळू नये म्हणून सांध्यात ग्राफाइटची दोरी भरून वरून आवळायची असते. ती म्हणाली, "मीच लय आवळलं गं. गळायला नको म्हणून भ्याले." तिने आवळण सैल केलं. दुसऱ्या वेळी सांधा उघडपणे गळत होता. वाफेची बारीक रेघ सुटत होती, फळीवर थेंब पडत होते, सतत फिस्स असा आवाज. पण वळणावर पुढची गाडी अलगद वळली. बॉयलरचं नाक रुळाबाहेर गेलं, परत आलं, आणि इंजिन वळण पार करून टोकाला जाऊन थांबलं.

आण्णा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी आयुष्यात इतक्या जवळून माझं काही काम पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "गळतंय की गं. नापास करतील तुला."

मी म्हणाले, "गळू दे आण्णा. न गळणारंच पडलं मगाशी."

आणि ते बोलून झाल्यावर मला जाणवलं की आता दुसरं वाक्यही बोलायला हवं, नाहीतर ते कधीच बोलून होणार नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून येणाऱ्या परीक्षकापुढे उभं राहणं याच्यापुढे काहीच नव्हतं. "आण्णा, जावयाला उठवा."

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. आभाळाकडे पाहिलं. भट्टीत एक लाकूड सारलं. मी पुन्हा म्हणाले, मला लय भ्या वाटतंय. तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघताच, बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"मला न्हाई वाटत व्हय? तुला काय वाटलं, रागानं हाकलतो सगळ्यांस्नी हितनं?"

मला ते सगळं एकदम आठवलं. लहानपणी डबा घेऊन कुकराजवळ गेले की आण्णा ओरडायचे. डबा लिंबाखाली ठेव म्हणायचे, हिकडं येऊ नको. आई जवळ आली तरी ओरडायचे. हाताखालच्या माणसांना सारखं काहीतरी आणायला लांब पाठवायचे. सगळे म्हणत, माणूस भला आहे, पण हंगामात तोंड फार खराब. मीही तेच समजत आले होते. भट्टीशी ते नेहमी एकटेच असायचे. टाकीच्या त्या तांबूस रेघेच्या बाजूला.

आण्णांनी भट्टीची आकडी घेतली आणि तार वर उचलून वजन काढलं. फास जमिनीवर पडली. दांडा लगेच उठला आणि कुकरने असा मोठा सुस्कारा टाकला की ढिगावरच्या साळुंख्या उडाल्या. बापू वळले. काय झालं रं, म्हणाले. आण्णा म्हणाले, काही न्हाई बापू, लेकीची परीक्षा हाय, तिच्या इंजनाला एवढीच वाफ चालती. बापूंनी एकदा आमच्या फळ्यांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि परत ढिगाभोवती फिरायला लागले. लेकीच्या परीक्षेपुढे काय बोलणार?

आमचं मॉडेल पोत्यात गेल्यावरही आण्णांनी ते वजन परत लावलं नाही. संध्याकाळी सडा पडावा तेवढाच पाऊस आला, पण ढिगाची वरची हळद भिजली. दुसऱ्या दिवशी बापूंनी उरलेली हळद शेजारच्या गावच्या कुकरवाल्याकडे दिली. त्याच्याकडे जावई होता. हे मला आईने फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, पण सांगितलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सांध्यावर बोट ठेवून विचारलं की हे गळतं का. सर खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हणाले, थोडं गळतं सर, वळायला तेवढं लागतं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मला वाटलं होतं की हा क्षण फार मोठा असेल. तो तेवढाच होता.

मोठं ते दुसरंच राहिलं. आण्णांनी त्या दिवशी वजन काढलं, पण काढलेलं वजन परत लावता येतं. आभाळ दर वर्षी येतं. बापू असतात, आणि शेजारच्या गावचा कुकरवालाही. या गोष्टी मला इथे कऱ्हाडला, डिग्रीच्या पुस्तकांसमोर बसून कळतात आणि मी काही करू शकत नाही. इंजिनाची पुढची गाडी मोकळी असते म्हणून ती आधी वळते, पुढे जाते. मागची जखडलेली असते, आणि आग तिच्या डोक्यावर.

या हंगामात आम्ही एक सोय केली आहे. सोय म्हणू की काय म्हणू. दुपारी आण्णांचा फोन येतो. ते काही बोलत नाहीत, फोन कुकराच्या दिशेने धरतात. मी ऐकते. फस्स. मग थोडा वेळ गेला की पुन्हा फस्स. मग ते विचारतात, आलं का ऐकू? मी म्हणते, आलं. मग, जेवलीस का. माझी मैत्रीण म्हणते, तुम्ही बापलेक फोनवर नक्की बोलता तरी काय?

काल फोन आला आणि काहीच ऐकू आलं नाही. लाकडं तडकत होती, लांब कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, पण तो आवाज नव्हता. मी वाट पाहिली. मी विचारलं, आण्णा, जावई? ते म्हणाले, "आबाळ आलंय गं."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मला काय म्हणायचं होतं ते त्यांनाही कळलं असणार. मी सूत्रं सांगू शकले असते, शिवणीबद्दल सांगू शकले असते. त्यांना ते सगळं माहीत आहे. भीतीसुद्धा माझ्याआधीपासून माहीत आहे. मी एवढंच म्हणाले की फोन ठेवू नका, चालू असू द्या. आणि पुस्तक उघडून, फोन कानाशी धरून बसले. एका शब्दाचाही अर्थ लागत नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, पण फोन बंदही झाला नव्हता.

मग लोखंड जमिनीवर पडल्याचा आवाज आला. आणि त्याच्या मागोमाग, लांब आणि दमलेला, तो सुस्कारा.

आज माझा पेपर आहे. दुपारचा. कॉलेजच्या दाराशी फोन पिशवीत घालून बाहेर ठेवावा लागतो, आणि पेपर संपेपर्यंत मला काहीच ऐकू येणार नाही. बाहेर आभाळ आहे. खिडकी मी आज उघडीच ठेवली आहे, वास येतो आहे तर येऊ दे. आण्णांना सांगितलं आहे की आज फोन उचलणार नाही, तरी करा. वाजू द्या.